न्येपीच्या दिवशी ड्यूटीवर

आज अख्खं बेट मेल्याचं सोंग घेऊन पडलंय.
आकाशात विमान नाही, बंदरात भोंगा नाही,
रस्त्यावर फक्त कुत्री
आणि चौकडीच्या लुंगीतला गावचा पहारेकरी,
फटीतून उजेड दिसला की दार ठोठावणारा.
मला सरकारी परवाना आहे.
तरी खिडक्यांवर घोंगड्या टाकून
लाल विजेरीच्या उजेडात बसलेय,
डोंगराच्या नाडीवर डोळा ठेवून.

काल रात्री पोरांनी बांबू-कागदाचे राक्षस
चौकाचौकात गरगरा फिरवले, मग जाळले.
भाच्यानं आपल्या राक्षसाच्या पोटात बॅटरी बसवली होती.
जळताना सगळ्यात शेवटी डोळे विझले.

तू सांगायचास, बापा :
आज वरून भूत-काल उतरतात.
चूल नाही, दिवा नाही, बोलणं नाही हे बघतात,
इथे कोणी राहत नाही असं समजून
निघून जातात.
मी आठ वर्षांची. विचारलं होतं,
'दरवर्षी फसतात? एवढी मूर्ख?'
नारळाच्या झावळीची परडी विणता विणता
तू म्हणालास, 'आपण नाही फसत दरवर्षी?'

मग मी बांडुंगला शिकले.
दाब, वायू, तरंगांचे वेग.
परतले तेव्हा तू वरच्या देवळातला पुजारी,
मी खालच्या चौकीतली निरीक्षक.
डोंगर एकच,
पंचांगं दोन.

ज्या वर्षी दिवसाला आठशे हादरे मोजले
मी सही केली : बारा किलोमीटरच्या आत माणूस नको.
गावं उतरली. गायी निम्म्या भावात गेल्या.
तू नाही उतरलास.
'या महिन्यात तो उठत नाही, मी पाणी शिंपडलंय.'
दोन महिने डोंगर गप्प.
तुसानची बायको चौकीत आली,
माझ्या टेबलावर गायीचं रिकामं दावं टाकून गेली.
तिकडे तुझ्या पायरीशी नैवेद्याचे ढीग.

आणि मग एका मंगळवारी,
तुझ्या पोथीत शुभ असलेल्या मंगळवारी, तो उठला.

कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून तू खाली आलास,
भुवयांपर्यंत राख,
मांडीवर देवांची पेटी.
एवढंच म्हणालास, 'मला न सांगता उठला.'
मुलगा न सांगता घर सोडून गेल्यावर
बाप म्हणतो तसं.
माझ्याकडे एक वाक्य तयार होतं,
दोन महिने घासून धार लावलेलं.
ते अजून माझ्याकडेच आहे.
पुढे तू मूत्रपिंडांनी गेलास. डोंगरानं नाही.

आज सुई जवळजवळ सरळ चालते.
एरवी तिच्यात वाळूचे ट्रक असतात,
स्कूटर, हॉटेलांचे खोदपाये, लग्नातले ढोल.
आज ते सगळं वजा.
आणि त्या कोऱ्या रेषेत, चाळीसेक सेकंदांनी,
केसाएवढी एक थरथर.
वर्षभर असणार ती. ऐकू आजच येते.

हे सांगितलं की डेन्पासारचा चुलतभाऊ खूश होतो :
'बघ, पूर्वजांना विज्ञान ठाऊक होतं!'
नव्हतं, बाबा.
त्यांना भुतांना फसवायचं होतं, बस्स.
त्यांना माझ्या सुईची साक्ष नको,
आणि माझ्या सुईला त्यांची परवानगी.
पण हजारो माणसं एक दिवस गप्प बसायला तयार होतात,
ते कुठल्या समीकरणानं, हे मला मांडता येत नाही.
नोंदवहीत लिहिते : गोंगाट अत्यल्प, संकेत स्पष्ट.
रकाना तिथेच संपतो.

एवढ्यात कागदावर बारीक टोचे उमटतात.
सहा. थांबले.
डोंगर नव्हे. पहारेकरी, दाराबाहेर.
घोंगडी कुठेतरी सरकली असावी.

मी विजेरी मालवते.
परवाना खिशात असून
श्वास रोखून धरते,
कोणीतरी वरून बघत असल्यासारखा.

अंधारात सुई चालतेच आहे.